गोष्टीला हुंकारा लागतो

पत्र थोडं छोटं करून देतेय. नाव-गाव देऊ नका असं मुलीनेच लिहिलंय, म्हणून फक्त जिल्हा ठेवलाय.

"ताई, मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज लांब पडतं म्हणून या सेमिस्टरला कथालेखन-कथाकथनाचा दोन क्रेडिटचा ऑनलाइन विषय घेतला. मला लहानपणापासून गोष्टी सांगायला आवडतात, शाळेत ऑफ तास असला की सगळे मलाच उभं करायचे. पहिले दोन आठवडे मी खूप खूश होते. आता सहावा चालू आहे आणि लॉगिन करायचाच कंटाळा येतो. मंगळवार-शुक्रवार साडेसातला क्लास, नेमका स्वयंपाकाच्या वेळेला. ४३ जण, सगळ्यांचे कॅमेरे बंद. मी गोष्ट सांगितली की सर म्हणतात 'छान, पुढचं कोण?' आणि संपलं. पुण्याच्या मुली किती भारी मराठी बोलतात, मला माझ्या बोलण्याची लाज वाटते. सहा गोष्टी सबमिट करायच्यात, दोनच झाल्यात, तिसरीचा पहिला पॅराच चार वेळा खोडला (सोबत पाठवतेय). काही जण एआयकडून लिहून घेतात आणि त्यांना मार्क पण चांगले पडतात. मागच्या शुक्रवारी माझी पाळी होती, तेवढ्यात पाऊस आला, फोन ओसरीवर तसाच टाकून मी पळाले. ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं बाबांच्या हातात आणि मधे नुसता वारा. सोयाबीन अर्धं भिजलंच. परत आले तर क्लास संपलेला. त्याच्या आधीच्या वेळी आजी शेजारी बसली होती, माझी गोष्ट झाल्यावर म्हणाली, 'कुणाला सांगायलीस गं एवढं? हुं तर कुणी म्हणंना.' ताई, माझ्यातली क्रिएटिव्हिटी संपली का? विषय बदलून टाकू का?"

अगं, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे जिवाला घोर नको. क्रिएटिव्हिटी संपलेली नाही, आणि विषय लगेच बदलू नकोस. तीन आठवडे मी सांगते तसं करून बघ, त्यानंतरही लॉगिन करताना पोटात गोळा येत असेल तर खुशाल बदल, दोन क्रेडिट दुसऱ्या विषयातही मिळतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता तुला झालंय काय ते बघू. मला शोधावं लागलंच नाही, तुझ्या आजीने बरोब्बर ओळखलंय. हुं कुणी म्हणत नाहीये.

आपल्याकडे गोष्ट कधी एकट्याने सांगायची चीजच नव्हती गं. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा मागे झीलकरी उभे असतात, जी जी रं जी म्हणायला, ते नुसता सूर धरायला नसतात, शाहिराला दम घ्यायला जागा देतात आणि तू म्हणतोयस ते पोचतंय रे बाबा असं त्याला सांगत असतात. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी, आणि बुवा मधेच सगळ्यांना 'बोला पुंडलिक वरदे' म्हणायला लावतात की पेंगुळलेला माणूस सुद्धा दचकून 'हाऽरि विठ्ठल' म्हणतो. घरात पण तेच, रात्री अंथरुणात गोष्ट ऐकताना आपण हुं हुं करायचो आणि हुं यायचं थांबलं की आजीला कळायचं, झोपलं पोर, मग ती पण गोष्ट तिथेच थांबवायची. तुला जे वाटतंय ना की आतलं सगळं आटलं, ते आटलेलं नाहीये, तुझ्या आजीला जे ऐकू येत नव्हतं ते तुला पण सहा आठवडे ऐकू येत नाहीये आणि तुझ्या मनाने त्याचा अर्थ लावला की गोष्ट थांबवायची वेळ झाली.

श्रावणात तुमच्याकडे रविवारी आदित्यराणूबाईची कहाणी होते का मला माहीत नाही, होत नसेल तरी आजीला विचार, तिने ऐकलेली असेल. त्यात ती राणी आहे ना, तिला कहाणीची आठवण होते आणि ऐकायला कुणी माणूस नसतो. राणी आहे, राजवाडा आहे, नोकरचाकर आहेत, तरी ती एकटीच बसून कहाणी म्हणून मोकळी होत नाही. हाकारा करायला लावते, डांगोरा पिटायला लावते, नगरात कोणी उपाशी आहे का बघा म्हणते. कोणी सापडत नाही. शेवटी वाटेने एक मोळीविक्या चाललेला असतो, त्याला हाक मारून म्हणते आमची कहाणी ऐक. आणि तो काय म्हणतो? तुमची कहाणी ऐकून मी काय करू, माझं पोट भरलं पाहिजे. केवढं खरं बोलतो तो! मग राणी मोत्यं काढते, अर्धी त्याला देते, अर्धी स्वतःकडे ठेवते आणि मग कहाणी सांगते. मनोभावे सांगितली, चित्तभावे ऐकली, असे शब्द आहेत तिथे. सांगण्याला जेवढा मोठा शब्द तेवढाच ऐकण्याला. मी लहानपणी आईबरोबर हातात तांदळाचे दाणे घेऊन ही कहाणी ऐकायचे, तेव्हा मला सगळी गंमत मोळी सोन्याची होते त्यात वाटायची. आता वाटतं की खरी मोठी गोष्ट राणी माणूस शोधत बसते त्यात आहे.

तर ४३ जणांच्या क्लासमधे तुझ्याकडे एकही मोळीविक्या नाही. तो आधी शोधायचा, बाकीचं नंतर.

मी हे दुसऱ्या बाजूने पाहिलंय म्हणून एवढ्या खात्रीने बोलतेय. २०२० साली लॉकडाऊन लागलं तेव्हा मी एका कॉलेजात मराठी शिकवत होते. पटावर ६२ पोरं, स्क्रीनवर नुसती रंगीत गोलातली अक्षरं आणि माझं दर पाच मिनिटांनी 'आवाज येतोय का?' चालू, कोणीतरी चॅटमधे 'यस मॅम' टाकायचं, झालं. रोज क्लास संपला की घसा बसलेला असायचा आणि मन एकदम रिकामं. एके दिवशी मी एक लोककथा सांगत होते आणि एका मुलीचा माईक चुकून चालू राहिला होता, मागून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप थप. गोष्टीतली म्हातारी विहिरीत डोकावते तिथे मी पाणी प्यायला थांबले तर तो थापण्याचा आवाज पण थांबला, आणि मागून त्या मुलीची आई म्हणाली, "मग? दिसलं का तिला काही?" मुलगी घाबरून सॉरी मॅडम सॉरी मॅडम करायला लागली, मी म्हटलं माईक बंद करू नकोस, अजिबात करू नकोस, आईला म्हणावं ऐका. त्या दिवशी मी गोष्ट जशी सांगितली तशी आधीच्या तीन महिन्यांत एकदाही सांगता आली नव्हती. एक बाई ऐकत होती, पिठाच्या हाताने, एवढंच बदललं होतं.

म्हणून सर 'छान, पुढचं कोण?' म्हणतात त्याचा राग धरू नकोस. दोन क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास, त्याला ४३ ने भाग, माणशी पाऊण तास सुद्धा येत नाही आणि त्यातच त्यांचं शिकवणं आहे. त्यांना पण हुंकारा मिळत नाहीये, ते पण त्याच काळ्या चौकोनांशी बोलतायत.

आता मंगळवारी काय करायचं ते सांगते. फोन एखाद्या स्टीलच्या डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीला ठेव आणि फोनच्या बरोब्बर मागे आजीला बसव. शेजारी नको, मागे. तू आजीकडे बघून सांगायचं. कॅमेरा त्याच रेषेत असल्यामुळे क्लासमधल्यांना तू त्यांच्याकडेच बघतेयस असं दिसेल आणि तुला मात्र खरे डोळे दिसतील, मान हलताना दिसेल, कपाळाला आठी पडताना दिसेल. स्क्रीनवर आपला स्वतःचा चेहरा दिसत राहतो तो बहुतेक अॅपमधे लपवता येतो, सेटिंगमधे बघ आणि लपवून टाक, नाहीतर अर्धं लक्ष आपल्या केसांकडे जातं. आणि आजीला फुकट बसवू नकोस. राणीने मोत्यं दिली होती. तू क्लास झाल्यावर आजीचे पाय चेप, तिचं ऐक, तिने सांगितलेली गोष्ट पूर्ण होईपर्यंत फोनला हात लावू नकोस. ऐकून घेतल्याचं देणं ऐकूनच फेडायचं असतं.

दुसरं, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय, लिहायच्या आधी तोंडी सांग. तू सांगणारी मुलगी आहेस, शाळेत उभी राहून सांगायचीस, आता एकदम कोऱ्या कागदासमोर बसून पहिला पॅरा खोडत बसलीस तर अडणारच ना. गोष्ट डोक्यात जशी अर्धीमुर्धी असेल तशी आजीला किंवा आईला सांग, आई भाकरी करत असेल तर तिथेच चुलीपाशी बसून सांग, आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव. नंतर एकटी असशील तेव्हा ऐक. शब्द ऐकू नकोस, त्यांचं हुं ऐक. कुठे ते मनापासून आलं, कुठे नुसतं सवयीने आलं, कुठे आजीने 'अगं माय!' म्हटलं आणि कुठे मधेच 'दूध झाकलंस का?' विचारलं, ते कागदावर मांड. दूध झाकलंस का जिथे आलं तिथे गोष्ट ढिली आहे, तेवढा भाग काप नाहीतर बदल. असा हिशोब तुला कोणत्याही वर्कशॉपमधे मिळणार नाही. मग लिहायला बस, आणि टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं ते दाबून मराठीत बोललेलं बऱ्यापैकी टाईप होतं, चुका नंतर दुरुस्त करता येतात.

तिसरं क्लासमधलं. सरांना एक साधा मेसेज टाक, की सर, गोष्ट सांगणाऱ्याबरोबर आणखी दोघांचे माईक चालू ठेवू का, ते मधेमधे हुं म्हणतील. त्यांना झीलकरी असंच नाव द्या, आणि पहिल्यांदा तू दुसऱ्या कुणासाठी झीलकरी हो. फक्त ऑनलाइनची एक अडचण आधीच माहीत असू दे. दोघं एकदम बोलले की अॅप एकाचा आवाज दाबतं, म्हणून हुं सांगणाऱ्याच्या बोलण्यावर पडता कामा नये, तो थांबला की त्या फटीत म्हणायचं. याचाच अर्थ सांगणाऱ्याने फटी ठेवायला शिकायचं. आवाज यायला जायला क्षणभर उशीर लागतो, म्हणून हशा उशिरा येतो आणि आपल्याला वाटतं कुणी हसलंच नाही आणि आपण घाईने पुढे जातो, तेवढं थांबायचं. आणि गोष्टीत कुठे डबा वाजवणार असशील, टाळी देणार असशील, तर अॅपमधलं नॉइज कमी करायचं सेटिंग बंद कर, नाहीतर ते अॅप तुझ्या टाळीला गोंगाट समजून गाळून टाकेल आणि क्लासला काहीच ऐकू जाणार नाही.

नेटवर्कमुळे कॅमेरा बंद ठेवावा लागला तर वाईट वाटून घेऊ नकोस. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, एकेक चित्र उचलून समोर धरायचं आणि त्याच्यावर गोष्ट सांगायची, रामायण-महाभारतातली. लोक सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, चित्राकडे बघतात, आणि चित्र तर हलत सुद्धा नाही, सगळं त्याच्या आवाजाने हलतं. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तर कॅमेरा बंद, एकच फोटो स्क्रीनवर शेअर, आणि तुझा आवाज. फोटो साधाच, त्या चिखलात पडलेल्या ताडपत्रीचा का असेना.

ताडपत्रीवरून आठवलं, खरं तर या मुद्द्यावर यायची मी कधीपासून वाट बघतेय. तू चार वेळा खोडलेला पॅरा असा आहे: 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं एक टुमदार खेडं होतं. पक्ष्यांचा किलबिलाट आणि झऱ्यांचा खळखळाट यांनी तिथली सकाळ प्रसन्न होत असे.' तू चारही वेळा खोडलंस ते बरोबर केलंस, तुझा कान शाबूत आहे याचा तो पुरावा आहे. लातूर जिल्ह्यात असा झऱ्याचा खळखळाट कुठे ऐकलास तू? एप्रिल २०१६ मधे मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तू तेव्हा तिसरी-चौथीत असशील, घरात पाण्याची भांडी कशी लावून ठेवायचे, आंघोळीचं पाणी कुठे वापरायचे, हंड्यावरून कोण कुणाशी भांडलं हे तुला आणि आजीला ठाऊक आहे. हे टुमदार खेडं तुझं नाहीये, ते शाळेतल्या निबंधातून आलंय, आपल्या सगळ्यांच्याच वहीत होतं ते.

आणि हे वाक्य बघ: 'ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं बाबांच्या हातात आणि मधे नुसता वारा.' हे तू गोष्ट म्हणून लिहिलंच नव्हतंस, क्लास का बुडला त्याचं कारण सांगत होतीस. यात सजवणारं विशेषण एक नाही. दोन माणसं कुठे उभी आहेत ते दिसतंय, दोघांच्या मधे काय आहे ते दिसतंय, ताडपत्री फुगलेली दिसतेय आणि तू ती फुगली असं लिहिलेलं पण नाहीस. सोयाबीन वाचलं का हे कळायला पुढचं वाक्य वाचावंच लागतं. मी ते वाचलं आणि मोठ्याने हुं म्हटलं, खरंच म्हटलं.

आता तुझी मोळीविकी मी आहे असं समज आणि मला सांग. बाबा काही बोलले का तेव्हा? की नुसते ओरडले, आणि काय ओरडले, नेमके शब्द काय? वारा कुणाच्या बाजूने होता? पाऊस थांबल्यावर भिजलेल्या ढिगात हात कुणी घातला पहिल्यांदा? आणि तुझा फोन ओसरीवर पडलेला होता ना, क्लास चालू असलेला. त्यातून सर तुझं नाव पुकारत असतील. 'आहेस का? माईक चालू कर. नाहीये वाटतं. बरं, पुढचं कोण?' बाहेर पाऊस, आणि ओसरीवर कुणी नसताना एक फोन तुझं नाव घेतोय. आजी होती का तिथे? तिने ऐकलं का? तिने काय केलं, फोनला उत्तर दिलं, की उचलून पदराखाली घेतला भिजू नये म्हणून? हे मी बनवत नाहीये, तू विचारून घे आजीला. कदाचित तिसरी गोष्ट तीच सांगेल, आजीच्या तोंडून, ओसरीवरून दिसलेली.

आणि आजीच्या तोंडून म्हणजे आजीच्याच भाषेत. लाजेचं लिहिलंस ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. 'सांगायलीस' हा शब्द पुण्याच्या मुलीला सुचणार नाही, तिने लिहिला तर खोटा वाटेल. 'कुणाला सांगायलीस गं एवढं? हुं तर कुणी म्हणंना' याचं पुस्तकी मराठी करून बघ, 'तू एवढं कोणाला सांगते आहेस? कोणी प्रतिसाद देत नाही.' गेली की आजी! उठून निघूनच गेली. संवाद तुमच्या बोलीत ठेव, निवेदन तुला सोपं जाईल त्या मराठीत लिही, आणि सगळंच बोलीत लिहावंसं वाटलं तर तसंही लिही, सरांना आधी एकदा विचार म्हणजे मार्कांची धास्ती राहणार नाही. पुण्याच्या मुली त्यांच्या घरातलं लिहितील, त्यांच्याही घरात गोष्टी आहेत, त्यांच्याशी वैर नको. उलट त्यांच्यातली एक शोध. क्लास संपल्यावर तिघींचा कॉल करा, अर्ध्या तासाचा, एकीने सांगायचं, दोघींनी फक्त हुं आणि 'मग?' एवढंच म्हणायचं. शेवटी दोघींनी दोनच गोष्टी सांगायच्या, मला कुठे स्पष्ट दिसलं आणि माझं लक्ष कुठे उडालं. छान, भारी, हार्ट वगैरे नको, त्याने पोट भरत नाही.

एआयचं थोडक्यात सांगते. नको करूस. पकडली जाशील म्हणून नाही, कदाचित नाही पकडली जाणार आणि मार्कही पडतील. पण त्याला सांगितलंस 'शेतकऱ्याच्या मुलीची गोष्ट लिही' तर ते तुला तेच टुमदार खेडं देण्याची शक्यता जास्त, आणखी गुळगुळीत करून, आणि ते वाचून तुला वाटायला लागेल की गोष्ट अशी असते आणि माझ्या घरात तसलं काही नाही. तुझी लाज वाढेल त्याने. गोष्ट पूर्ण झाल्यावर शुद्धलेखन तपासायला वापरलंस तर वापर, सरांना तसं सांगून. तुझ्या आजीचं 'म्हणंना' त्याने 'म्हणत नाही' केलं तर तेवढं परत जागेवर आण.

राहिली वेळ. साडेसातला क्लास आणि घरात स्वयंपाक, हे मला पूर्ण कळतं आणि याला माझ्याकडे जादू नाही. आईशी सरळ बोल, की मंगळवार-शुक्रवार भाकऱ्या मी सहालाच करून ठेवते, सव्वासात ते साडेआठ मला हाक मारू नका. मुली हे विचारत नाहीत आणि मग मनातल्या मनात चिडत राहतात. लिहिण्याचं मात्र क्लासच्या दिवसावर ठेवू नकोस. त्याच राणूबाईच्या कहाणीत वसा मागणाऱ्याला विचारतात ना, तू उतशील मातशील, घेतला वसा टाकून देशील. आणि तो म्हणतो उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. पण त्यानंतर काय होतं बघ, त्याला लगेच सगळं नेमकं सांगतात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी, उठून आधी काय करायचं. मूड येईल तेव्हा कर असं कुणी सांगत नाही. तसं तुझं ठरव. मी ठरवून देऊ? रोज रात्री भांडी झाली की वीस मिनिटं. सुरुवातीला गोष्ट लिहायची पण नाही, दिवसभरात कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं एक वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवायचं, गिरणीतलं, डेअरीवरचं, एसटीतलं, आडतीवरून बाबा आले की मालाच्या भावाबद्दल जे बोलतात ते. वाक्याखाली कोण बोललं आणि तेव्हा त्याच्या हातात काय होतं एवढं लिही. हात महत्त्वाचा, हात लिहिलास की माणूस उभा राहतो. वीस मिनिटांत एवढंच झालं तरी वही मिटून झोप. आणि मधे एक दिवस चुकला, दोन चुकले, घरात पाहुणे आले, ताप आला, तर तिसऱ्या दिवशी परत बसायचं, मागची भरपाई करायची नाही. भरपाईच्या नादात वसे मोडतात, मी माझ्या स्वतःच्या लिहिण्यात हे दोनदा अनुभवलंय.

चार गोष्टी राहिल्यात आणि नऊ-दहा आठवडे तरी असतील, म्हणजे दोन आठवड्याला एक. जमेल तुला. एक आठवडा सांगायचा, एक आठवडा लिहायचा. ताडपत्रीची आधी घे, ताजी आहे, बाबांचे शब्द अजून कानात असतील, पंधरा दिवसांनी विसरशील.

आज शनिवार आहे. आज रात्री जेवणं झाली की आजीपाशी बस, फोनचं रेकॉर्डिंग चालू कर आणि तिला शुक्रवारचा पाऊस सांग, ती तिथेच असली तरी सांग. ती म्हणेल मला काय सांगायलीस, मी बघितलंय की. तू म्हण, तू बघितलंस ते वेगळं, मी ताडपत्रीच्या त्या टोकाला होते. मग मला कळव तिने पहिलं हुं कुठे म्हटलं.

तुझी,
ताई